टीचभर जॅग्वार

माझ्या मालकीच्या एकंदर त्रेसष्ट स्पोर्ट्‌स मोटारी आहेत. हे वाक्य मी आमच्या शाखेत एकदाच उच्चारलं, आणि तेही नेमकं इन्स्पेक्शनच्या आठवड्यात. तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला घाईघाईनं "म्हणजे एवढ्याएवढ्या हो!" असं म्हणून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं अंतर दाखवावं लागलं. साहेबांचा चष्मा खाली आला, पण संशय काही पुरता उतरला नाही. चाळिशी उलटलेला क्लार्क खेळण्यातल्या मोटारी जमवतो, हे ऐकल्यावर त्यांनी माझं कॅशचं पान पुन्हा एकदा मोजून घेतलं.

त्रेसष्टपैकी अकरा जॅग्वार, सात अ‍ॅस्टन मार्टिन, नऊ फेरारी आणि बाकीच्या एमजी, लोटस, पोर्श असा किरकोळ माल. सगळ्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, साच्यात ओतलेल्या. सगळ्या मिळून एका काचेच्या कपाटात मावतात. त्या कपाटात पूर्वी आमच्या लग्नात आलेला टी-सेट होता. तो आता माळ्यावर आहे. याबाबत सौ.चं जे म्हणणं आहे ते प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचं आहे. मी स्वतः बँकेत स्कूटरवरून जातो.

आता अशा मोटारींवर लिहिणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण ते जे लिहितात ते आमच्या बँकेत येणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटसारखं असतं. डबा आहे की नाही, डब्याच्या झाकणाचे कान शाबूत आहेत की नाही, रंग कुठे उडालाय का, टायर मूळचे की बदललेले. डब्यासकट किंमत अमुक, विनाडबा तमुक. कित्येकदा निव्वळ डबाच आतल्या गाडीहून महाग. (जुन्या डब्यांच्या हुबेहूब नकला छापून विकणारेही आहेत. म्हणजे माल जुना आणि कागदपत्रं ताजी. आम्ही बँकवाले या प्रकाराला वेगळ्या नावानं ओळखतो.) पण मुळात ही एवढीशी गाडी चांगली झाली आहे का, हे कोणी सांगत नाही. नाटक कसं होतं म्हणून विचारावं आणि समोरच्यानं तिकिटाच्या अर्ध्या तुकड्याची अवस्था वर्णन करावी, तसलं हे परीक्षण. तेव्हा हे काम मी अंगावर घेतो आहे. माझी पात्रता : बी.कॉम., सेकंड क्लास, कॉस्टिंगमध्ये चाळीस.

पहिला प्रश्न असा, की मोटार लहान करायची म्हणजे काय करायचं? कोणीही म्हणेल, भागाकार. जमवणाऱ्यांत सगळ्यांत मानाचं प्रमाण १:४३. हा त्रेचाळीसचा तिरपागडा आकडा आला आगगाडीतून. इंग्लंडात 'ओ' गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेला एका फुटास सात मिलिमीटर असं माप होतं. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीनं १९३४ च्या सुमारास डिंकी टॉइज या नावाच्या मोटारी काढल्या त्या मुळात अशा रेल्वेच्या शेजारी उभ्या करायला, आणि पुढे मोटारींचं प्रमाण या मापाच्या आसपास स्थिरावलं. तर जॅग्वारची ई-टाइप घ्या. खरी गाडी साधारण चार मीटर पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. भागिले त्रेचाळीस, उत्तर दहा सेंटिमीटर आणि वर थोडं. तळहातावर बसते. भागाकार पुरा झाला, आता फक्त साचा करायचा.

इथेच घोळ आहे. गाडी भागली जाते, पण रंग भागला जात नाही. खेळण्यावरचा रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरा. आता उलटा गुणाकार करा. खऱ्या गाडीवर तो चार मिलिमीटरहून जाड होईल. म्हणजे रंग नव्हे, गिलावाच. दाराभोवतीची फट अर्ध्या मिलिमीटरची धरा. खऱ्या गाडीत ती दोन सेंटिमीटरांवर जाते, म्हणजे पावसाळ्यात आत बेडूक. आणि आपण स्वतः तरी कुठे भागले जातो? एक फुटावरून टेबलावरची गाडी पाहायची म्हणजे खरी गाडी तेरा मीटरांवरून, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून पाहण्यासारखं आहे. मोटार आखणाऱ्यानं ती रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी आखली. आपण मात्र तिचा माथा आणि बोनेट बघत बसतो.

म्हणून नुसता भागाकार करणारा कारागीर हमखास नापास होतो. चांगल्याला थोडी लबाडी करावी लागते. एखादी कड जरा जास्त उठवायची, एखादी बारीक गोष्ट सरळ गाळायची, छप्पर केसभर खाली दाबायचं. अर्कचित्र काढणारा नाक मोठं काढतो तेव्हा त्यानं फूटपट्टी लावलेली नसते, तरी माणूस ओळखू येतो. उलट पासपोर्टच्या फोटोत सगळी मापं बिनचूक असतात आणि बायकोसुद्धा ओळखत नाही.

माझ्या संग्रहातलं या लबाडीचं सर्वोत्तम उदाहरण म्हणजे कॉर्गीची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५, नंबर २६१, साल १९६५. 'गोल्डफिंगर' सिनेमातली जेम्स बाँडची गाडी. या वस्तूत चुका किती आहेत ते पाहा. एक म्हणजे ती डीबी-५ नाहीच. कॉर्गीकडे आधीच्या डीबी-४ चा साचा होता, त्यातच फेरफार करून ती बनवली. दुसरं, सिनेमातली गाडी रुपेरी आणि ही चक्क सोनेरी. रुपेरी दिली असती तर रंग द्यायचा राहिला असं गिऱ्हाइकाला वाटलं असतं, असं कारण सांगतात. तिसरं, पुढून मशिनगनी बाहेर येतात, धुराची नळी दाबली की मागे गोळ्या अडवणारा पडदा वर येतो आणि बाजूची कळ दाबली की छप्पर उघडून शेजारी बसलेला दुष्ट माणूस हवेत उडतो. एवढा सरंजाम दहा सेंटिमीटरांत कोंबल्यावर आकाराचं भजं व्हायला हवं होतं. झालेलं नाही! टेबलावर ठेवा, जरा तिरपी करा, ती उभ्याउभ्याच निघाल्यासारखी दिसते. त्या वर्षी इंग्लंडातल्या खेळणी विकणाऱ्यांनी तिला वर्षातलं उत्तम खेळणं ठरवलं, ते उगीच नव्हे. पुढे १९६८ मध्ये कंपनीनं चूक सुधारून रुपेरी गाडी काढली. ती बिनचूक आहे आणि मला आवडत नाही.

कंपनीला माणसाच्या स्वभावाचीही जाण होती. उडणारा दुष्ट माणूस हरवणार हे ओळखून डब्यात एक जादा दुष्ट माणूस दिलेला असे. माझी गाडी बोटीवर नोकरी केलेल्या एका गृहस्थांच्या घरच्या आवराआवरीत मिळाली. तिच्यातले दोन्ही दुष्ट हरवलेले आहेत. बाँडशेजारची खुर्ची रिकामी बघून सौ. म्हणाली, "चला, एक तरी गाडी अशी आहे की जिच्यात मला बसता येईल." मी कळ कुठे आहे ते तिला दाखवलेलं नाही.

आता कॉर्गीच्या उलट टोकाला चला. १:१८ चं प्रमाण, म्हणजे हातभर नसली तरी वीतभर गाडी. फेरारी २५० जीटीओ घ्या. १९६२ ते १९६४ या काळात खऱ्या गाड्या झाल्या अवघ्या छत्तीस, आणि त्यांतली एक २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरना गेली. आमच्यासारख्यांसाठी इटलीतल्या बुरागो कंपनीनं ती काढली. दारं उघडतात, बोनेट उघडतं, आत बारा सिलिंडरांचं इंजिन दिसतं, पहिल्या दिवशी माणूस हरखून जातो. दुसऱ्या दिवशी दारं मिटवून गाडी लांबून पाहावी तर अंगभर फटीच फटी. ऑपरेशन करून टाके घालायचे राहिलेल्या पेशंटासारखी. शिवाय दार ज्या बिजागरीवर फिरतं ती कोयत्यासारखी वाकडी, त्यामुळे दार उघडताना आधी बाहेर झेप घेतं आणि मग वळतं. खऱ्या फेरारीचं दार असं वागलं असतं तर शेजारच्या गाडीवाल्यानं केस केली असती.

अलीकडच्या महाग मॉडेलांनी हे दोष पुष्कळ कमी केलेत, हे मान्य. फटी केसासारख्या, सीटवर कापड, तारेची चाकं एकेक आरीची. पण ती बघताना मला सारखं वाटतं, की कारागिरानं स्वतः काही ठरवलेलंच नाही. होतं ते सगळं घातलं. आणि उघडझापीला कंटाळलेल्यांनी दुसरा मार्ग काढला. राळेची, अजिबात न उघडणारी मॉडेलं. आकार सुरेख, एकही फट नाही. पण हातात घेतली की वजनच नाही. मोटार उचलली असं न वाटता मोटारीचा फोटो उचलल्यासारखं वाटतं.

लहान भावंडांबद्दल थोडक्यात. लेझ्नी कंपनीच्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून बापानं तेवढं खेळणं करून दिलं आणि त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स जन्माला आल्या. त्यांचा डबा एकाच मापाचा, त्यामुळे बस असो की मिनी, पंगतीत सगळे सारख्याच पाटावर. १९६८ मध्ये अमेरिकेतून हॉट व्हील्स आल्या. घर्षण नसल्यासारखी सुसाट पळणारी चाकं. लेझ्नीलाही वर्षभरात तसलीच चाकं लावावी लागली आणि माझ्या मते तिथेच हस्ताक्षर बिघडलं. पळण्यासाठी चाकं रुंद झाली, चाकांसाठी गाड्या बदलल्या. धंदा म्हणून बरोबर होतं हे बी.कॉम. माणसाला कळतं. तरी १९७९ मध्ये डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना बंद झाला, १९८२ मध्ये लेझ्नीचं दिवाळं निघालं आणि १९८३ मध्ये कॉर्गीची मूळ कंपनी बुडाली. ओळीनं तीन एन.पी.ए.

इथवर माझी समीक्षा निर्वेध चालली होती. मग काकांनी तिच्यात हात घातला.

माझे धाकटे काका एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपात बसच्या बॉडीच्या कामाला होते. पत्रा ठोकणं हे त्यांचं सगळं आयुष्य. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं दृष्टी गेली. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे राहायला आले आणि "तुझ्या त्या गाड्या आण रे" म्हणाले. मी आधी रजेचे पैसे घालून आणलेली १:१८ ची ई-टाइप ठेवली त्यांच्या पुढ्यात. चारी बाजूंनी उघडणारी, कपाटातली सगळ्यांत महाग.

काकांनी खिशातून रुमाल काढला, बोनेटवर पसरला आणि त्यावरून तळवा फिरवायला लागले. मला वाटलं, पुसताहेत. ते म्हणाले, "अरे, पत्र्यातला पोचा डोळ्याला दिसत नाही. हाताला कळतो. आणि नुसत्या हातापेक्षा फडक्यावरून जास्त कळतो. आम्ही रंगाच्या आधी प्रत्येक पत्रा असाच बघायचो." मग त्यांनी एक दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं, मागचं झाकण उघडलं, आणि गाडी माझ्या हातात परत दिली.

"छान आहे," म्हणाले. "कपाट आहे हे."

मी एकेक देत गेलो. हॉट व्हील्सवर शेरा पडला, "चाकं केलीत, वर गाडी ठेवलीय." कॉर्गीच्या अ‍ॅस्टन मार्टिनवर अंगठा फिरवता फिरवता कळ दाबली गेली, छप्पर ताडकन उडालं आणि काका लहान मुलासारखे हसले. लेझ्नीची १९६२ ची ई-टाइप अवघी काडेपेटीएवढी. ती त्यांनी बराच वेळ दोन बोटांत धरली. "हा माणूस खरी गाडी बघून आलेला होता," ते म्हणाले. मी मनातल्या मनात माझी समीक्षा त्यांच्या शेऱ्यांशी ताडून पाहत होतो. मी दोन पानं लिहिलेलं हा माणूस पाच शब्दांत उरकत होता.

शेवटी मी ती दिली. तिच्यासाठी त्यांनी रुमाल काढला नाही.

ही निकीची ई-टाइप मुळात त्यांचीच. डिंकीचे काही साचे साठच्या दशकाच्या अखेरीला कलकत्त्याला आले आणि तिथे निकी टॉइज या नावानं मोटारी निघाल्या. पोटावरचं डिंकीचं नाव घासून काढलेलं, आणि रंग तर आमच्याकडे दिवाळीला खिडक्यांना देतात तसा, दोन हात, भरपूर. आजोबांचे मावसभाऊ कलकत्त्याला रेल्वेत होते. त्यांनी सत्तर सालाच्या आसपास दहा वर्षांच्या काकांसाठी ती आणली. वेगळं निघणारं काळं छप्पर आमच्या वाड्याच्या विहिरीत गेलं. काच कशी गेली ते काका सांगत नाहीत. पुढे ती माझ्याकडे आली, तिच्यावरूनच मला हे वेड लागलं. २००८ साली टाटांनी जॅग्वार कंपनी विकत घेतली तेव्हा काका पेढे घेऊन आले होते. "आपल्यानंतर अडतीस वर्षांनी घेतली त्यांनी," असं म्हणाले.

तर काका ती हातात धरून बसले. वजन केलं, बुडाशी नख लावलं, मग अंगठा बोनेटवर ठेवला. ई-टाइप म्हणजे निम्मं बोनेटच. ती आखणारा माल्कम सेअर हा आधी विमानांच्या कंपनीत होता, आणि डोळ्यांना बरी दिसते म्हणून रेघ मारणाऱ्यांतला तो नव्हे, बाक गणितानं काढणारा. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांनी पाहिली तेव्हा सहा सिलिंडरांच्या इंजिनासाठी लांब केलेलं ते बोनेट आणि त्याच्या मधोमध इंजिनासाठी उठवलेला उंचवटा, हाच तिचा चेहरा होता. मला वाटलं काका आता गहिवरणार. मी पाण्याचा ग्लाससुद्धा जवळ ओढून ठेवला.

"रंगकाम भिकार आहे," काका म्हणाले.

"काका, तुमचीच गाडी."

"माझी असली म्हणून काय झालं? मधला उंचवटा कुठाय? बुजवलाय सगळा रंगानं. लहानपणी डोळ्यांनी बघत होतो म्हणून कळलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "खाली आहे तो. साचा चांगला आहे. रंग काढ हा."

आता संग्राहकांच्या धर्मात मूळचा रंग काढण्याइतकं मोठं पाप नाही. डब्याचा कान फाडणं परवडलं. निकीच्या गाड्या आता हुडकून घेणारे लोक आहेत, आणि माझ्या ओळखीच्या एकानं हिच्यासाठी, छप्पर-काच नसतानासुद्धा, माझ्या पगाराच्या मानानं डोळे फिरतील असा आकडा सांगून ठेवला होता. तो रंग, तो भिकार, जाडाभरडा कलकत्त्याचा रंग, हेच तर तिचं निकीपण. डिंकीच्या ई-टाइप पोत्यानं मिळतील. मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. घसारा, वाढावा, दुर्मिळता, सगळं. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी इतका मुद्देसूद आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बँकेचं सांगतोयस. मी गाडीचं सांगतोय."

मी चार दिवस टाळाटाळ केली. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की काका गॅलरीत खुर्चीवर, हातात ती गाडी, अंगठा बोनेटवर. काही बोलत नसत. पाचव्या दिवशी सौ.च म्हणाली, "अहो, ते जातील हो परवा." रविवारी सकाळी मी रंग काढायचं रसायन आणलं, सौ.नं जुना टूथब्रश दिला, आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी तो मूळचा, दुर्मिळ, पन्नास वर्षं टिकलेला रंग फोडायला घेतला. तो पापुद्र्यांनी सुटायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो आकडा एकेक शून्यानं कमी होत होता. वासानं काका शिंकत होते, पण उठत नव्हते.

खालून करडं, मऊसर चकाकणारं जस्त निघालं. मी गाडी धुतली, पुसली आणि काकांच्या हातात दिली. या वेळी त्यांनी रुमाल काढला. घडी मोडून बोनेटवर पसरला आणि पुढून मागे, मागून पुढे, अगदी सावकाश बोट फिरवलं. मधोमध येऊन बोट थांबलं. मग त्यांनी माझं बोट धरलं आणि रुमालावरून त्या जागी नेऊन टेकवलं. उंचवटा होता. एवढासा, तांदळाच्या दाण्याइतका जाड असेल नसेल, पण पुढून उठत आलेला आणि काचेच्या पायथ्याशी अलगद जिरलेला. पस्तीस वर्षं ती गाडी माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर लेख लिहायला बसलो होतो मी.

"आता?" मी विचारलं. "पुन्हा रंगवू?"

काकांनी थोडा विचार केला. गाडी कानाशी नेऊन एक चाक फिरवून ऐकलं.

"लाल दे," म्हणाले. "पण पातळ दे."